खिशातल्या चिठ्ठ्या आणि इस्त्रीची खोली

आहे, डोकं ठिकाणावर आहे. वकिलांनी तीनदा विचारलं, डॉक्टरांनी एकदा, आणि माझ्या चिरंजीवांनी पंधरा दिवसांत इतक्यांदा विचारलं की जायचं असतं तर त्या विचारण्यानेच गेलं असतं. आज वार कोणता ते मला माहीत आहे, सात नव्वे किती ते माहीत आहे, आणि चर्चच्या कमिटीत कोणाची कॉलर आतून किती मळते तेही माहीत आहे. तेव्हा मी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा इस्त्री, नवरा वारलेली, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, कोणी फूस न लावता, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. अक्षर चांगलं आहे. मास्तरांची पट्टी तशी होती.

याआधी मी जे काही कबूल केलं, लिहून दिलं किंवा मान हलवून हो म्हटलं, ते सगळं रद्द. खास करून गेल्या वर्षी चर्चच्या वाढदिवसाला माझ्याकडून सही घेतलेला तो कागद, ज्यात माझी खोली प्रार्थनाघर करायला मंडळीकडे जाते असं लिहिलंय. वकील म्हणतात, रद्द करायला कारण द्यावं लागत नाही. मी देणार आहे. नाही दिलं तर उद्या म्हणाल, धाकट्या जावेने म्हातारीला गुंडाळलं. तिने आयुष्यात कपड्याशिवाय काही गुंडाळलेलं नाही. गुंडाळागुंडाळीचं खातं माझ्याकडे होतं.

पहिलं कलम. राहती जागा. पुढची खोली इस्त्रीची, मागची झोपायची, मध्ये दार नाही, पडदा आहे. पुढे टेबल, टेबलावर चार घड्यांचं ब्लँकेट, मधोमध तपकिरी पडलेलं, आणि खिडकीपाशी कपडे टांगायची सळई. हे सगळं, छपरासकट आणि छपराच्या गळतीसकट, माझ्या धाकट्या जावेला, पूर्ण मालकीने. राहू दे, भाड्याने देऊ दे, विकू दे, तिची मर्जी. दीर गेला तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, "दोन दिवस राहते, जाऊबाई." त्याला बत्तीस वर्षं झाली. दोन दिवस अजून संपायचेत.

माझ्या मुलाला, म्हणजे कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांना, ही जागा का नाही? त्याचं घर दुमजली आहे. तिथे मला बसायला एक खुर्ची आहे, तिच्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. पाच वर्षं मी करकर वाजत बसते. पण ते कारण नव्हे. कारण त्याच्याच तोंडचं सांगते. महिन्यापूर्वी तो मोजपट्टी घेऊन आला आणि माझी भिंत मोजायला लागला.

"काय रे, मी मेले का?"

"आई, तू आता फक्त माझी राहिली नाहीस. सगळ्या मंडळीची आई झालीस."

"मग मंडळीला सांग, आळीपाळीने पाय चेपायला या."

"इथे तुझा फोटो लावायचाय. मोठा. खाली लिहायचं, विश्वासाची माता."

"आणि काकू कुठे बसणार? फोटोखाली?"

"काकूंची सोय बघितलीय. निराधार बायकांच्या आश्रमात. चोवीस तास गरम पाणी आहे तिथे."

जाऊ पडद्यापाशी बसून कपड्यांवर पाणी शिंपडत होती. तिने सगळं ऐकलं आणि मला म्हणाली, "गरम पाणी आहे म्हणतोय, जाऊबाई. चांगलंच की."

या बाईला चिडता येत नाही. ते काम मलाच करावं लागतं. तर लिहून ठेवते: ती निराधार नाही. तिला आधार आहे, आणि कोणाचा ते तुम्ही दर रविवारी उभं राहून गाता. फक्त तुम्ही गाता आणि ती टेकते, एवढाच फरक.

दुसरं कलम खरं तर कलम नाही, ते कारण आहे. विश्वासाची माता कशी झाले ते ऐका.

आमच्या पोस्टमनचे सदरे आमच्याकडे यायचे. एकदा खिशात चिठ्ठी राहिली. चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत टाकायची ती, विसरला असणार. "मंगळवारी आईचं ऑपरेशन. देवा, हात धर." मी सदऱ्याबरोबर चिठ्ठीलाही इस्त्री फिरवली आणि होती तशी खिशात ठेवली. गुरुवारी तो सदरा न्यायला आला. मला टोमणा मारल्याशिवाय गिऱ्हाईक सोडवत नाही. म्हटलं, "काय, धरला का हात?"

तो खांबासारखा उभा. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

इथे शहाण्या बाईने म्हणायचं, अरे गाढवा, खिशात बघ. मी काय केलं? मी हसले. गूढ हसले. तसं हसायला फार अक्कल लागत नाही, दात झाकले की जमतं. आई बरी झाली होती. रविवारी त्याने उपासनेत उठून साक्ष दिली, की इस्त्रीवाल्या मावशींना प्रभू आतून सांगतो. पुढच्या आठवड्यात अकरा सदऱ्यांत चिठ्ठ्या. महिन्याभरात लोक न चुरगळलेले कपडे इस्त्रीला आणायला लागले. आमचे हे तेव्हा हयात होते. त्यांनी एकदाच विचारलं, "तू यांना सांगत का नाहीस?" मी म्हटलं, "धंदा वाढतोय ना?" त्यावर ते कोळसा आणायला गेले.

आता हे नीट वाचा, कमिटीच्या सभासदांनी चष्मे लावून वाचा. एकाही चिठ्ठीवर मी प्रार्थना केलेली नाही. चोवीस वर्षांत एकाही नाही. वाचायची, हसायची, आणि जावेला सांगायची. जाऊ शाळेत गेलेली नाही. ती विचारायची, "काय लिहिलंय, जाऊबाई?" मी सांगायची, ती घडी घातलेल्या कपड्यावर पंजा ठेवायची आणि डोळे मिटायची. प्रार्थना झाली असेल तर तिथे झाली. नाव माझं झालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी.

आणि तिला तरी मी खरं वाचून दाखवलं का? तुमच्या मागण्या तुम्हाला आठवत असतील तर गप्प बसाल. एकाने लिहिलं होतं, शेजाऱ्याची भिंत माझ्या हद्दीत आलीय, देवा, ती पाड. एवढं लांबून सूर्य-चंद्र सांभाळणाऱ्याला यांनी गवंडीकाम काढून दिलं होतं. मी जावेला वाचून दाखवलं, "शेजाऱ्याशी बोलणं सुरू होऊ दे." तिने पंजा ठेवला. पंधरा दिवसांत दोघं बोलायला लागले. आधी आईमाईवरून बोलले, मग बरं बोलायला लागले. भिंत आहे तिथेच आहे, दोघं तिला टेकून चहा पितात. साक्षीत माझे आभार मानले.

एका सदऱ्यातली चिठ्ठी माझ्याच पोटच्या पोराची होती. आईला इस्त्रीला सदरा देतो आणि खिशात देवासाठी अर्ज ठेवतो. "मला सेक्रेटरीपद मिळू दे, समोरच्याचं पितळ उघडं पडू दे." अक्षर बघून मला ओळखू येणार नाही असं याला वाटलं, कारण त्याने ते तिरकं काढलं होतं. मी जावेला वाचून दाखवलं, "याला आईची आठवण राहू दे." तिने जरा जास्तच वेळ हात ठेवला. देवाने दोन्ही मागण्या ऐकल्या. पद मिळालं, आणि आठवण राहिली, फोटो काढून भिंतीवर लावण्याइतकी.

चिठ्ठ्या मी कोळशाच्या इस्त्रीत घालायची. विस्तव चांगला धरायचा. भक्तिभाव कोरडा असला की लवकर पेटतो.

एक चिठ्ठी मात्र मी बदलली नाही. बेकरीवाल्याच्या बायकोच्या ब्लाउजला टाचणीने लावलेली होती. "कंटाळा आला. ने मला." एवढंच. मी ते होतं तसं वाचलं, कारण त्याच्यावर मला काही सुचलं नाही, आणि मला सुचत नाही असं सहसा होत नाही. जावेने पंजा ठेवला नाही. ती उठली, पदर सारखा केला, पायात चपला घातल्या आणि गेली. सकाळची गेली ती दिवे लागायच्या सुमाराला आली. मी विचारलं, "काय प्रार्थना केलीस एवढी दिवसभर?" म्हणाली, "पावाचे पत्रे पुसून ठेवायला मदत केली. मग तिचं डोकं विंचरलं." आणि बसली राहिलेले कपडे भिजवत. बेकरीवाल्याची बायको आहे अजून. मागच्या महिन्यात तिच्या मुलीचं लग्न झालं. मला वाकून नमस्कार केला तिने, मला. मी आशीर्वाद दिला. निर्लज्जपणालाही सराव लागतो.

तर खोली तिची आहे. मी देत नाहीये, परत करतेय.

तिसरं. विजेची इस्त्री जावेला. तिचं बटण खोटारडं आहे, सुतीवर ठेवलं तरी रेशमाएवढीच तापते, दोन घरं पुढे ठेवावं. कोळशाची जुनी इस्त्री पाळकसाहेबांना, आदरपूर्वक. साहेब, ती नुसती हलवून तापत नाही, आत विस्तव असावा लागतो. हे तुमच्या प्रवचनाबद्दल आहे असं पाळकीणबाई म्हणतील. बाई हुशार आहेत.

बँकेत जे असेल त्यातून माझं दफन, उरेल ते जावेला. आकडा इथे लिहीत नाही, चिरंजीव तोंडपाठ सांगतील.

चौथं. आमच्या यांचं पवित्र शास्त्र, पाठीला चामडं लावलेलं, जावेला. तिला वाचता येत नाही मग कशाला, असं मुलगा विचारील. तुला येतं ना, मग काय झालं, असं मी विचारते. त्याला वडिलांचा काळा कोट. खांद्यात सैल होईल. शिंप्याकडून आत घेऊ नये, तसाच घालावा आणि भरायचा प्रयत्न करावा.

पाचवं, जुने हिशेब. खजिनदारबाईंनी माझ्या नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी विचारलं होतं की वेदीवरच्या चादरी शनिवारी मिळतील ना. मिळाल्या होत्या. चादरीच्या मागच्या कोपऱ्यात, दिसणार नाही अशी, मी एक सुरकुती मुद्दाम ठेवली होती, आणि त्यानंतर सोळा वर्षं दर आठवड्याला ठेवली. आता माझ्या मनातून ती बाई माफ. सुरकुती मात्र जावेने काढू नये, ती माझी सही आहे.

आता हसून झालं. एक गोष्ट सरळ लिहिते, कारण मेल्यावर माझ्या नावाने कोणीतरी गोड बोलणारच आहे.

मी देवाचे आभार मानलेत. रोज. हे खोटं नाही, यात गुंडाळागुंडाळी नाही. सकाळी उठले की पायावर उभी राहते, आधी पायांचे. मग नवरा प्यायचा नाही त्याचे, मुलगा जगला त्याचे, गढूळ का होईना पण नळाला पाणी आलं त्याचे. छातीत आता धूर साठलाय, डॉक्टरांनी फोटो दाखवला, काळं धुकं. तरी श्वास आत जातो तेव्हा मी म्हणते, बरं का, पोचला, आभारी आहे. देणाऱ्याचं नाव मला माहीत आहे आणि मी ते कधी विसरले नाही.

पण आभार म्हणजे दारात उभं राहून बोलणं. मला आत जायचं होतं. जाऊ आत बसलेली दिसायची. तिला पाट मांडलेला असायचा आणि मी उंबऱ्यावर, हातात चपला घेऊन. मी उपास केले. पित्त झालं. गुडघे टेकले. गुडघे धरले. खोलीत कोणी नसताना मी तिच्यासारखा पंजाही ठेवून बघितला, घडी घातलेल्या सदऱ्यावर, डोळे मिटून. ती हात ठेवायची तेव्हा पलीकडून कोणी हात धरल्यासारखी गप्प व्हायची. मी ठेवला की गरम कापड लागायचं. बस. गरम कापड.

कापड कोरडं असलं की कितीही दाबा, सुरकुती हलत नाही. आधी पाणी पडावं लागतं. माझ्यावर ते पडलं नाही, की पडलं आणि मी झटकलं, मला सांगता येत नाही. पाळकसाहेबांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "आजी, तुम्ही विचारताय? तुमच्यासारखा विश्वास या मंडळीत कोणाचा नाही." खरं सांगायचं तर त्या दिवशी मला सगळ्या मंडळीची कीव आली. ज्या घरात माझा विश्वास सगळ्यात मोठा, त्या घरात अंधारच म्हणायचा. आणि हे बोलून दाखवायची हिंमत नव्हती, कारण माता कोणाला नको असते?

हवा होता मला. थोडा होता, जास्त हवा होता. चौऱ्याहत्तर वर्षांची झाले तरी हवा आहे. आज सकाळीही मागितला. आलेला नाही. पायांचे आभार मानून कामाला लागले.

सहावं. दफन साधं. फोटो नको, फुलं चालतील. साक्ष कोणी द्यायची नाही. कोणी उठलंच तर शेजारच्या शिंप्याने खोकायचं, त्याला येतं. अंगावरच्या कापडाला इस्त्री जावेने करावी, स्टार्च नको, आयुष्यभर कडकच होते. दगडावर नाव आणि धंदा. माता, आई, जननी यातलं काही कोरलेलं दिसलं तर मी उठून बसेन.

सातवं आणि महत्त्वाचं. हे कागद जावेला वाचून दाखवायचे. वाचणार वकील. मुलाने वाचायचे नाहीत, तो माझ्यावर गेलाय, वाचताना बदलेल. एकही ओळ गाळायची नाही. तिने मध्येच "राहू द्या" म्हटलं तरी थांबायचं नाही, ती म्हणणारच.

व्यवस्था बघायला वकील. शिंप्याला माझी मोठी कात्री द्यायची होती, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. म्हणून त्याला नुसता टोमणा देते: तीस वर्षांत तुझं एक काज सरळ आलेलं नाही.

हे सगळं मी पूर्ण शुद्धीत लिहिलं, परत वाचलं, आणि खाली सही केली ती दोन्ही साक्षीदारांसमोर. त्या दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: इस्त्रीवाली

साक्षीदार एक: शेजारचा शिंपी (सही. तीही तिरकी.)
साक्षीदार दोन: दवाखान्यातली नर्स (सही)
ठिकाण: इस्त्रीची खोली, टेबलाशी
तारीख: नऊ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

सह्या झाल्यावर मी सगळ्यांना परत बसवलं. पुढच्या ओळी त्यानंतरच्या. समासात तिघांच्या पुन्हा सह्या आहेत. त्या दोघांनी मजकूर वाचलेला नाही. साक्षीदाराने सही बघायची, मजकूर नाही, असं वकील म्हणाले. बरं झालं.

हे तुला आहे गं. ऐकतेयस ना? वकीलसाहेब, सावकाश वाचा.

तू आलीस त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. दिराला जाऊन दीड महिना झाला होता. तू तिथे पडद्यापाशी बसून पाणी शिंपडत होतीस आणि काहीतरी गुणगुणत होतीस. मी विचारलं, "तुला राग नाही येत त्याचा? देवाचा?" तू म्हणालीस, "त्याच्याशिवाय कोणाला सांगू, जाऊबाई?" आणि परत गुणगुणायला लागलीस.

मी मागच्या खोलीत गेले. वर लिहिलंय मी, की मी चिठ्ठ्यांवर कधी प्रार्थना केली नाही, आणि ते खरं आहे. पण एक मागणं मी केलंय. मला तुझ्यासारखं होता येत नव्हतं, म्हणून तू माझ्यासारखी हो, असं मी मागितलं. तुझा विश्वास मोडू दे म्हटलं. काहीही कर पण हिचा मोड. एकदा नाही, सबंध वर्षभर, रोज. आयुष्यात तेवढं एकच मागणं मी गुडघे टेकून, रडून, मनापासून केलं.